एकोणिसाव्या वर्षी वय होत नाही

"बाई, पोर धावते चांगली, त्यात वादच नाही. पण आता तिचं वय झालं."

गुहागर तालुक्यातल्या एका घराच्या पडवीत बसून मी हे ऐकलं. बोलणारी मुलीची आई होती. मुलगी आत भात पाखडत होती. तिचं वय होतं एकोणीस. शाळेत असताना तीन हजार मीटरमध्ये तिने जिल्ह्यात नंबर काढला होता, बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले होते आणि ते कामाला आले होते. घराच्या हिशेबात धावण्याचा उपयोग तिथे संपला होता. आता स्थळं येत होती.

मी चोवीस वर्षं शाळेत खेळ शिकवते. अशा पडव्यांवर किती वेळा बसले असेन, मोजलेलं नाही. त्या आईचा मला राग आला नाही, आजही येत नाही. नवरा डोंबिवलीला, घरात सासू अंथरुणावर, दीड एकराची शेती, गोठ्यात दोन जनावरं. तिने जे आजूबाजूला पाहिलं तेच ती बोलली. राग येतो तो तिला तसं बोलायला लावणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या व्यवस्थेचा. मुलींचं धावणं ही शाळेची गोष्ट, शाळा संपली की धावणं संपलं, हे आपण इतकं गृहीत धरलंय की सरकारी योजनाही त्याच मापाने शिवलेल्या असतात. आणि मॅरेथॉन ही अशी शर्यत आहे की जी नेमकी शाळा संपल्यावर सुरू होते.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. ऑलिंपिकच्या पदकविजेत्यांची वयं बघा. २००८ साली बीजिंगमध्ये सोनं जिंकलेली रुमानियाची कॉन्स्तान्तिना दिता तेव्हा ३८ वर्षांची होती. १९८८ च्या सोलमध्ये जिंकलेली पोर्तुगालची रोझा मोता ३० वर्षांची. २०१६ च्या रिओत केनियाची जेमिमा सुमगाँग ३१ व्या वर्षी पहिली आली, तिच्यावर पुढे उत्तेजकांसाठी बंदी आली ही वेगळी आणि वाईट गोष्ट. २०२१ मध्ये साप्पोरोत धावून टोकियो ऑलिंपिकचं सोनं घेणारी पेरेस जेपचिरचिर २७ वर्षांची होती आणि तिला लहान मुलगी होती. २०२४ च्या पॅरिसमध्ये जिंकलेली सिफान हसन ३१ वर्षांची, आणि तिसरी आलेली हेलन ओबिरी ३४ वर्षांची, तीही एका मुलीची आई. आपल्याकडे बघायचं तर ओ. पी. जैशाने २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला तेव्हा ती ३२ वर्षांची होती.

असं का होतं? लांब पल्ल्याचं धावणं शरीरात हळूहळू मुरतं. फुप्फुसं काही महिन्यांत साथ द्यायला लागतात, पण हाडं, पोटऱ्या, घोट्यामागची शीर यांना तो भार पेलायला वर्षं लागतात. आठवड्याला शंभराहून जास्त किलोमीटर धावायचं तर त्याची तयारी सात-आठ वर्षांची असते. वीस ते तीस ही त्या तयारीची वर्षं. आपण मुलीकडून नेमकी तीच काढून घेतो, आणि मग म्हणतो की कोकणात धावपटू तयार होत नाहीत.

बायकांचं लांब धावणं जगानेही सहजासहजी मान्य केलेलं नाही. १९२८ साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायकांची ८०० मीटर शर्यत झाली. जर्मनीची लिना राद्के जिंकली. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. वर्तमानपत्रांनी मात्र लिहिलं की बायका धडाधड कोसळल्या, हे त्यांच्या शरीराला झेपणारं नाही. त्या खोट्या बातम्यांवर विसंबून ही शर्यत काढून टाकली गेली, ती परत आली थेट १९६० च्या रोममध्ये. १९८० च्या मॉस्कोपर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना जास्तीत जास्त १५०० मीटर धावता येत होतं. मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, आमच्याकडच्या भाषेत जवळजवळ चिपळूण ते गुहागर, ही शर्यत बायकांसाठी १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. पुरुषांच्या नंतर ८८ वर्षांनी.

ती पहिली शर्यत जिंकली अमेरिकेच्या जोन बेनॉइटने, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. मेन राज्याच्या समुद्रकाठी वाढलेली मुलगी. निवड चाचणीच्या सतरा दिवस आधी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याच शर्यतीत स्वित्झर्लंडची गाब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने पार खचलेल्या अवस्थेत स्टेडियममध्ये शिरली. शेवटचे ४०० मीटर चालायला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. एक पाय ओढत, अंग वाकडं झालेलं. डॉक्टरांनी पाहिलं की तिला अजून घाम येतोय, म्हणजे शरीर स्वतःला थंड करतंय, आणि त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. ३७ वी आली. वय होतं ३९. पुन्हा जुनी टकळी सुरू होईल, बायकांना झेपत नाही म्हणून ही शर्यतही बंद होईल, अशी भीती अनेकांना वाटली असणार. तसं झालं नाही. छप्पन्न वर्षांत एवढा तरी फरक पडला.

आता आपल्याकडे येऊ. रिओ, १४ ऑगस्ट २०१६. शर्यत सकाळी साडेनऊला सुरू झाली, ऊन चढत होतं. जैशा २ तास ४७ मिनिटं १९ सेकंदांत ८९ वी आली आणि अंतिम रेषेवर कोसळली. नंतर तिने सांगितलं की वाटेत इतर देशांच्या टेबलांवर त्यांच्या खेळाडूंसाठी पाणी, पेयं होती, भारताच्या टेबलावर कोणी नव्हतं. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने ते नाकारलं, खास पेयं नको असं आधीच कळवलं होतं असा त्यांचा दावा होता. खरं-खोटं ठरवण्याच्या वादात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की वर्षानुवर्षं धावून ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या बाईची गोष्ट आपल्याला आठवते ती पाण्याच्या बाटलीपुरती. तिला त्या रेषेपर्यंत आणायला काय लागलं असेल, हे कोणी विचारलं नाही.

त्याच शर्यतीत आपली कविता राऊतही होती. १२० वी आली, तीन तासांच्या जेमतेम आत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव घराघरांत गेलं. तिच्याबद्दल लिहिताना लोक हमखास लिहितात की ती लहानपणी अनवाणी पाणी आणायला लांब जायची, म्हणून धावपटू झाली. हे वाचलं की मला बरं वाटत नाही. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणं हे प्रशिक्षण असतं, तर आमच्या प्रत्येक वाडीतून एक कविता निघाली असती. फेब्रुवारीनंतर विहिरी आटल्या की किती बाया पाखाडीच्या पायऱ्या चढून पाणी आणतात! त्यांचे गुडघे जातात, पदकं येत नाहीत. कविताला नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला, रोज वेळ लावून धावायला जागा मिळाली, सोबतीला इतर मुली मिळाल्या. फरक तिथे पडला. आणि इतकं सगळं करूनही राज्य सरकारच्या नोकरीसाठी तिला वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलत राहावं लागलं.

ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातली, दुष्काळी मोही गावची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत सलग तीनदा पहिली. रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी आली, आणि पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावली. पुढे तिला राज्याने महसूल खात्यात अधिकारी म्हणून घेतलं, आमच्याच कोकणात, रायगडमधल्या माणगावात ती तहसीलदार होती. या नेमणुकीचा मला मनापासून आनंद आहे. पण हा दरवाजा ऑलिंपिकच्या पलीकडे उघडतो. एकोणीस ते सत्तावीस या वर्षांत मुलगी काय खाणार, कुठे राहणार, घरी काय सांगणार, याचं उत्तर त्या दरवाजाच्या अलीकडे हवं.

हे उत्तर एका राज्याने दिलं आहे, आणि ते आमच्याच समुद्राला लागून आहे. केरळचा किनारा आणि कोकणचा किनारा यांत फार काय वेगळं आहे? तोच जांभा, तोच नारळ, तोच चार महिने कोसळणारा पाऊस, तीच परगावी कमवायला गेलेली पुरुषमंडळी. केरळ सरकारने १९७६ मध्ये कण्णूरला मुलींचा निवासी क्रीडा विभाग सुरू केला. पय्योळी या किनाऱ्यावरच्या गावची बारा वर्षांची उषा त्यात गेली, तिथे तिला ओ. एम. नंबियार हे प्रशिक्षक भेटले. पुढे ती घराजवळच्या वाळूत धावायची. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला तिचं ४०० मीटर अडथळ्यांचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, हे सगळ्यांना पाठ आहे. लग्न होऊन मुलगा झाल्यावर ती परत आली आणि १९९८ मध्ये फुकुओकाच्या आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत ३४ व्या वर्षी तिने पदकं घेतली, हे मात्र कोणाला माहीत नसतं. केरळचीच शायनी विल्सन आई झाल्यानंतर, १९९५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी ८०० मीटर १ मिनिट ५९.८५ सेकंदांत धावली. बाळंतपणाआधी ती कधी दोन मिनिटांच्या आत आली नव्हती. जैशाही केरळचीच, वायनाडची. या बाया आकाशातून पडल्या नाहीत. मुलीला राहायला खोली, दोन वेळचं जेवण, शिकायला कॉलेज आणि सकाळी पाच वाजता मैदानावर उभा असणारा माणूस, एवढं सरकारने पुरवलं आणि ते पन्नास वर्षं चालू ठेवलं.

आमच्याकडे काय आहे? आमच्याकडे गुहागरचा पाच-सहा किलोमीटरचा सरळ किनारा आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओली वाळू टणक होते, त्यावर धावायला ट्रॅकइतकंच छान वाटतं, पायांना मारही कमी बसतो. माझ्या मुलींचं वेळापत्रक मी तिथी बघून करते. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते, त्यामुळे पंधरवड्यात जेमतेम पाच-सहा सकाळी समुद्र आम्हाला वेळेवर जागा देतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आत खूप मागे जातं, तेव्हा पट्टी रुंद मिळते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी मागे जातं तेव्हा, अरुंद. किनारा एका बाजूला कलता असतो, म्हणून जितकं उत्तरेला धावायचं तितकंच दक्षिणेला, नाहीतर एकाच बाजूची कंबर धरते. हे मला कुठल्या शिबिरात कोणी शिकवलं नाही, एका मुलीचा घोटा सुजला तेव्हा कळलं. उरलेल्या दिवशी रस्ता. रस्त्यावर दिवे नाहीत, साडेपाचला काळोख असतो, कुत्री असतात, वळणावर चिऱ्याचे ट्रक येतात. पावसाळ्यात साकवावर शेवाळ. मार्च उजाडला की हवेत इतका दमटपणा की घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. अशा हवेत पाणी आणि मीठ यांचा हिशेब चुकला तर जैशासारखं कोसळायला रिओला जावं लागत नाही.

आणि रक्त. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. लांब धावणं हा सगळा प्राणवायूचा खेळ, तो वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर जिद्द कुठवर पुरणार? माझ्या एका मुलीचं नऊ निघालं होतं. ती सहा महिने 'आळशी झाली' म्हणून माझ्याकडूनच बोलणी खात होती. त्याची मला आजही खंत आहे. तेव्हापासून वर्षातून दोनदा रक्त तपासल्याशिवाय मी कोणाचंही अंतर वाढवत नाही. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सुके बोंबील, हे सगळं आमच्या घरांत आहे. पण ताटात मुलीच्या वाट्याला शेवटी काय उरतं, हे बाईमाणसाला सांगायला नको.

गेल्या काही वर्षांत कोकणात धावण्याच्या स्पर्धा वाढल्या. मुंबई-पुण्याहून लोक येतात, हॉटेलं भरतात, किनाऱ्यावर फोटो निघतात, पदक आणि टी-शर्ट घेऊन माणसं आनंदाने परत जातात. या स्पर्धांना माझा विरोध नाही. रविवारी सकाळी गावातली आजी रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभी राहते, हे मला फार आवडतं. पण स्पर्धा म्हणजे खेळाचा विकास, हे खरं नाही. एका सकाळसाठी जेवढा खर्च होतो त्यातला ठराविक वाटा तालुक्यात वर्षभर पगारी प्रशिक्षक ठेवण्यासाठी बाजूला काढावा, आणि परवानगी देताना स्थानिक प्रशासनाने ही अट घालावी, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. ती प्रशिक्षक शक्यतो बाई असावी. पाळीत पोट दुखतंय हे मुली सरांना सांगत नाहीत, पाय मुरगळला असं सांगतात.

लोक विचारतात, बाई, इथे दवाखान्यात डॉक्टर मिळत नाही, हायवे पूर्ण होता होत नाही, पोरं नोकरीला बाहेर जातात, तुम्ही मॅरेथॉनचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. मी त्यावर खूप विचार केला आहे. पण मला कोणीतरी सांगावं, की मुलांच्या क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांसाठी गावोगावी वर्गणी निघते, मंडप पडतात, बक्षिसाला मोटारसायकल उभी राहते, तेव्हा हा प्रश्न का विचारला जात नाही? दवाखाना हवाच. पण पोरींचा विषय निघाला की आधी दवाखाना आठवतो, हे मी चोवीस वर्षं पाहते आहे.

दुसरं म्हणणं असं की लग्न झाल्यावर घरचे सोडणार नाहीत, मग सरकारने कितीही केलं तरी काय उपयोग? माझा अनुभव उलटा आहे. घरचे पैशाला आणि प्रतिष्ठेला मान देतात. सून पोलीस भरतीला उतरते तेव्हा तीच सासू पहाटे उठून चहा करून देते, कारण त्या धावण्याच्या शेवटी पगार दिसतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा एरवी घराबाहेर न पडणाऱ्या किती बाया प्रवास करू लागल्या! सरकारने एक दर बदलला आणि घरातलं बोलणं बदललं. राज्यात खेळाडूंसाठी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मिळवण्याइतकं मोठं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मुलीला तगवणारं काही नाही. जिल्हा परिषदेने, सागरी पोलिसांनी, एसटीने वीस ते तीस वयाच्या धावणाऱ्या मुलींना प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यावं, अर्धा दिवस काम, अर्धा दिवस सराव. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात एक निवासी केंद्र असावं, जिथे वयाची अट अठराला न संपता तिशीपर्यंत जाईल, आणि मैदानाला लागून पाळणाघर असेल. पाळणाघर हा शब्द ऐकून सभेत लोक हसले होते. जेपचिरचिर आणि ओबिरी यांची मुलं कोणीतरी सांभाळलीच ना?

पॅरिसच्या २०२४ च्या मॅरेथॉनचा मार्ग मी परत परत नकाशावर पाहिला आहे. शहरातून व्हर्सायपर्यंत आणि परत, चारशे मीटरहून जास्त चढ, आमच्या घाटांची आठवण यावी असा. तो मार्ग ५ ऑक्टोबर १७८९ च्या मोर्च्याच्या आठवणीसाठी निवडला होता. पाव महागला म्हणून पॅरिसच्या बाजारातल्या बायका राजवाड्यावर चालत गेल्या, त्यांच्यात मासळी विकणाऱ्याही होत्या. आमच्या हर्णेच्या बंदरावर पाटी घेऊन लिलावात उभ्या राहणाऱ्या बायांना हे सांगायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतंय. त्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच बायकांची मॅरेथॉन शेवटच्या दिवशी ठेवली होती. तो मान आजवर पुरुषांच्या शर्यतीचा होता.

ती पडवीतली मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे. सासर जवळच्याच गावात, मुलगा अंगणवाडीत जातो. गेल्या थंडीत ती किनाऱ्यावर आली, पंजाबी ड्रेस, पायात नवऱ्याचे जुने बूट. म्हणाली, बाई, जरा बघते जमतं का. पहिल्या दिवशी तीन किलोमीटरला दम लागला. आता आठवड्यातून चार दिवस धावते. परवा ओहोटीला तिने दहा किलोमीटर ५१ मिनिटांत केले, घड्याळ मी लावलं होतं. तिचा मुलगा वाळूत खड्डा खणत बसला होता. धावून झाल्यावर ती माझ्या बाटलीतलं कोकमचं पाणी प्यायली आणि तिने विचारलं, "बाई, धावणं पुढे शिकायचं तर नाव कुठे द्यायचं?"

मी तिला एका खासगी स्पर्धेचा फॉर्म दिला. माझ्याकडे तेवढाच होता.